वाटेकरी वाढले की वाटा घटतो: गुणाकार आणि भागाकार यांची तुलना मुलांना शिकवताना

तिसरीच्या वर्गात फळ्यावर २४ ÷ ४ आणि २४ ÷ ६ असे लिहून मध्ये रिकामा चौकोन काढला आणि त्यात योग्य चिन्ह भरण्यास सांगितले, की बरीच मुले क्षणभरही न थांबता दुसरी बाजू मोठी ठरवतात. कारण विचारले तर ‘चारापेक्षा सहा मोठे’ हे उत्तर तयार असते. या मुलांना भागाकार येत नाही असे मुळीच नाही. हीच दोन उदाहरणे वहीत वेगवेगळी घातली तर ती बिनचूक सोडवतात आणि उत्तरे ६ व ४ अशी लिहितात. तुलनेची वेळ आली की मात्र त्यांची नजर डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या आकड्यावर जाते आणि तो आकडा त्या ठिकाणी कोणते काम करतो आहे, हे पाहायचे राहून जाते.

यावर ‘दोन्ही बाजूंची उत्तरे काढा आणि मग चिन्ह लिहा’ असा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने उत्तर बरोबर येते, पण मग ती तुलना राहत नाही, दोन उदाहरणे सोडवण्याचा सराव होतो. एखादी संख्या बदलली की उत्तर कोणीकडे सरकेल याचा अंदाज आकडेमोडीच्या आधी बांधता यावा, यासाठी हा घटक शिकवायचा असतो, आणि नेमके तेच बाजूला पडते. म्हणून पुढे मांडलेल्या पद्धतीचा सारा भर तीन प्रश्नांवर आहे: दोन्ही बाजूंना काय तसेच राहिले आहे, काय बदलले आहे, आणि त्या बदलाने उत्तर वाढेल की घटेल? उत्तर काढून पडताळा घ्यायचा तो त्यानंतर.

तयारी

मुलांना २, ३, ४, ५ आणि १० यांचे पाढे चांगले आणि ६ ते ९ यांचे कामापुरते येत असावेत. गुणाकार म्हणजे समान गट आणि भागाकार म्हणजे समान वाटणी, हे त्यांनी वस्तू हाताळून एकदा तरी केलेले असावे. साहित्यासाठी किनाऱ्यावरच्या गावात पैसे खर्चण्याचे कारण नाही. नारळाच्या आठ-दहा करवंट्या आणि शंभर-सव्वाशे चिंचोके पुरतात. करवंटी म्हणजे गट आणि चिंचोका म्हणजे वस्तू. शिंपल्याही चालतात, मात्र त्या धुऊन वाळवलेल्या आणि कडा न तुटलेल्या असाव्यात. काजूच्या कच्च्या बिया मुलांच्या हाती देऊ नयेत. टरफलातले तेल अंगावर उतते, म्हणजे कातडीवर फोड येतात, हे कोकणातल्या पालकांना सांगायला नको, पण बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांना सांगावे लागते.

गुणाकार: एक करवंटी वाढली की प्रत्येकीत एक चिंचोका वाढला?

पाढ्यात आपण ‘सहा चोक चोवीस’ म्हणतो, म्हणजे सहा हे चार वेळा घेतो. तोच संकेत या सर्व धड्यांत पाळावा: ६ × ४ मध्ये पहिली संख्या एका करवंटीतले चिंचोके सांगते आणि दुसरी संख्या करवंट्या किती ते सांगते. पुढे ४ × ६ आणि ६ × ४ यांचे उत्तर एकच येते हे मुलांना कळतेच, पण सुरुवातीला संकेत डळमळीत ठेवला तर ‘काय बदलले’ या प्रश्नाचे उत्तर देताना मुले गोंधळतात.

एका मुलाला ६ × ४ आणि दुसऱ्याला ६ × ५ मांडायला सांगावे आणि मांडणी झाल्यावर कोणालाही मोजू न देता विचारावे की कोणाकडे जास्त आहेत आणि कितीने. पाचवी करवंटी समोर दिसत असते, त्यामुळे ‘त्याच्याकडे एक करवंटी जास्त आहे, म्हणजे सहा जास्त’ हे उत्तर लवकर येते. ते आल्यावर वर्गाकडून ‘सहा चोक चोवीस, सहा पंचे तीस’ या दोन ओळी म्हणवून घ्याव्यात आणि त्या दोन ओळींच्या मध्ये नेमके काय घडले ते करवंटी उचलून दाखवावे. पाढा गाण्यासारखा म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना दोन ओळींमध्ये एका गटाचे अंतर असते, हे या वेळी प्रथमच दिसते.

यानंतर ६ × ४ आणि ७ × ४ घ्यावे. या वेळी करवंट्या तेवढ्याच राहतात आणि प्रत्येकीत एकेक चिंचोका वाढतो, म्हणून फरक ४ चा येतो. वरवर पाहता दोन्ही वेळा ‘एकच वाढवला’ असे म्हणता येते, पण पहिल्या वेळी उत्तर ६ ने वाढले आणि दुसऱ्या वेळी ४ ने. ही गोष्ट घाईने पुढे ढकलू नये, कारण या घटकातला सर्वांत चांगला प्रश्न इथेच दडलेला आहे: ७ × ४ मोठे की ६ × ५?

हा प्रश्न सोडवण्यासाठी ६ × ४ ची मांडणी दोनदा करावी. एका मांडणीत चारही करवंट्यांमध्ये एकेक चिंचोका टाकावा. दुसऱ्या मांडणीत सहा चिंचोक्यांची नवी करवंटी ठेवावी. पहिलीत चार चिंचोके पडले, दुसरीत सहा. म्हणजे ६ × ५ हे ७ × ४ पेक्षा २ ने मोठे. पडताळा घेतला तर ३० आणि २८ येतात. आता चार-चार चिंचोक्यांच्या सहा करवंट्यांपासून, म्हणजे ४ × ६ पासून, सुरुवात करून हाच खेळ खेळावा. प्रत्येकीत एक टाकला की ५ × ६, म्हणजे ३०, आणि एक करवंटी वाढवली की ४ × ७, म्हणजे २८. निकाल उलटला. मग मुलांना विचारावे की दोन्ही रस्त्यांनी सारखेच वाढावे यासाठी सुरुवात कोठून करावी लागेल. ५ × ५ हे उत्तर हाती यायला कधी एक तास लागतो, कधी दोन दिवस. ते आपण सांगून टाकू नये. माझ्या वर्गात एका मुलाने ३ × ३ सांगितले, दुसऱ्याने १० × १०, आणि त्या दोघांत कोणाचे बरोबर यावरून वाद झाला. शेवटी करवंट्या कमी पडल्या आणि मुलांनी वहीत गोल काढून तो मिटवला: दोघांचेही बरोबर होते.

गुणाकाराची दुसरी मांडणी रांगांची. नारळ-पोफळीच्या आगरात एका रांगेत सहा पोफळी आणि अशा चार रांगा असतील, तर विहिरीच्या बाजूने पाहणाऱ्याला चार रांगा दिसतात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाजूने पाहणाऱ्याला सहा, पण झाडे तीच. चिंचोक्यांची अशी मांडणी एका पुठ्ठ्यावर करून पुठ्ठा फिरवला की ६ × ४ = ४ × ६ हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. याच ठिकाणी = या चिन्हाकडे लक्ष द्यावे. पहिलीपासून ‘३ + २ = ’ असे लिहून पुढे उत्तर लिहिण्याची सवय झालेल्या मुलांना हे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी आज्ञा वाटते, आणि उजव्या बाजूला पुन्हा एक गुणाकार दिसला की ती अडखळतात. हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने छापील पुस्तकात प्रथम वापरले, आणि त्यासाठी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडताना त्याने कारण दिले की यांच्याइतक्या एकमेकींसारख्या दोन गोष्टी सापडणार नाहीत. एवढी हकिगत सांगितली तरी मुलांना ते चिन्ह दोन्ही बाजूंचे वाटू लागते.

सहा-सहा चिंचोक्यांच्या चार करवंट्या घेऊन प्रत्येकीतले तीन चिंचोके नव्या करवंटीत काढले, की तीन-तीनच्या आठ करवंट्या होतात: ६ × ४ = ३ × ८. एक संख्या निम्मी आणि दुसरी दुप्पट झाली, आणि चिंचोका मात्र एकही आला-गेला नाही. चौथीच्या मुलांना याच्या पुढे ६ × ६ आणि ५ × ७ द्यावे. सहा रांगांतली एक रांग उचलून उरलेल्या पाच रांगांच्या टोकाला एकेक चिंचोका लावत गेले, की पाच लागतात आणि हातात एक उरतो. दोन्ही बाजूंच्या संख्यांची बेरीज बारा असूनही उत्तरे सारखी येत नाहीत, याचे मुलांना फार नवल वाटते.

चिन्ह मध्ये आणि ‘लहान’ शेवटी

> आणि < ही चिन्हे शिकवताना मगरीचे किंवा माशाचे तोंड काढण्याची पद्धत आहे: तोंड नेहमी मोठ्या घासाकडे उघडते. मीही काही वर्षे हेच केले आणि त्याचा तोटा उशिरा माझ्या लक्षात आला. नुसत्या संख्या असतात तोवर मगर उपयोगी पडते. ४० ÷ ८ आणि १८ ÷ ३ समोर आले की ती डोळ्यांना दिसणाऱ्या ४० कडे तोंड करते, आणि ५ पेक्षा ६ मोठे असतात ते तसेच राहतात. शिवाय चित्रात गुंतलेले मूल चिन्ह वाचत नाही, ते फक्त काढते.

वाचण्याची अडचण मराठीत थोडी निराळी आहे आणि तिची दखल शिकवताना फारशी घेतली जात नाही. २४ ÷ ६ < २४ ÷ ४ यात चिन्ह मध्ये आहे, पण आपण वाचतो तेव्हा ‘चोवीस भागिले सहा हे चोवीस भागिले चार यापेक्षा लहान आहे’ असे म्हणतो. म्हणजे मधल्या चिन्हाचा अर्थ वाक्याच्या शेवटी उच्चारला जातो. तोपर्यंत तो अर्थ मुलाला मनात धरून ठेवावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन संख्या असल्या की तो निसटतो. म्हणून चिन्ह लिहिण्यापूर्वी दोन-तीन दिवस बोटाने वाचन करून घ्यावे: डाव्या बाजूवर बोट ठेवून ‘हे’, उजव्या बाजूवर ठेवून ‘त्यापेक्षा’, आणि मग बोट मध्ये आणून ‘लहान’ किंवा ‘मोठे’. त्यानंतर संपूर्ण वाक्य म्हणवून घ्यावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळले तर पुढच्या चुका गणिताच्या आहेत की वाचनाच्या, हेच ओळखता येत नाही.

भागाकार: रापणीचा वाटा

भागाकारात दोन संख्या दोन वेगळी कामे करतात. भाज्य वाढले की उत्तर वाढते. भाजक वाढला की उत्तर घटते. यांपैकी पहिले मुलांना पटवावे लागत नाही, म्हणून सुरुवात त्यानेच करावी: २४ ÷ ४ आणि २८ ÷ ४. चार जणांत चार वस्तू जास्त आल्या, म्हणजे प्रत्येकाला एक जास्त मिळाली. एका तासात हे आटोपते.

दुसऱ्या गोष्टीसाठी मला रापणीइतके चांगले उदाहरण सापडलेले नाही. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि किनाऱ्यावर उभे राहून त्याची दोन्ही टोके माणसांनी ओढून आणायची, ही मासेमारी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरची बहुतेक मुले पाहत आलेली असतात, आणि जाळे किनाऱ्याला लागल्यावर मासळीचे वाटे पडतात हेही त्यांनी पाहिलेले असते. जून-जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे हा धडा पावसाळ्यात आला तर आठवणीवर चालवावा लागतो, पण आठवण पक्की असते.

चोवीस चिंचोके म्हणजे चोवीस बांगडे धरावेत आणि चार करवंट्या म्हणजे चार रापणकर. एकेक करून वाटले की प्रत्येक करवंटीत सहा येतात. आता सांगावे की दोर ओढायला आणखी दोघे धावत आले आणि त्यांनाही सारखाच वाटा द्यायचा आहे. दोन रिकाम्या करवंट्या त्या रांगेत ठेवाव्यात आणि पुढे काय करायचे ते मुलांवर सोडावे. मुले सगळे चिंचोके गोळा करून पहिल्यापासून वाटू लागली तर वाटू द्यावे, पण कोणीतरी भरलेल्या करवंट्यांतले थोडे-थोडे काढून रिकाम्यांत टाकू लागतेच, आणि ते दिसले की सगळ्यांना थांबवून तिकडे पाहायला सांगावे. चौघांनी दोन-दोन काढले, आठ झाले, दोघा नव्यांना चार-चार मिळाले, आणि जुन्यांकडेही चार-चारच उरले. नव्या माणसांचा वाटा कोठून आला, हे मुलांना त्या वेळी डोळ्यांनी दिसते. माझ्या वर्गातली एक मुलगी, जिच्या घरची माणसे रापणीला जातात, तेव्हा म्हणाली, “बाई, माणसां वाढली तर वाटो बारीक गावतलो.” भाजक आणि भागाकार यांचे नाते मी त्यानंतर वर्गात दुसऱ्या शब्दांत सांगितलेले नाही.

यानंतरच फळ्यावर २४ ÷ ४ आणि २४ ÷ ६ लिहावे आणि भाजकाखाली ‘माणसे’ असा शब्द लिहावा. चिन्ह भरून झाले की त्याच ओळीत २४ ÷ ३, २४ ÷ २, २४ ÷ ८ आणि २४ ÷ १२ यांना चढत्या क्रमाने लावण्यास सांगावे. भाजक उतरत गेले आणि उत्तरे चढत गेली, ही गंमत मुले स्वतःच बोलून दाखवतात.

भागाकाराचा दुसरा अर्थ, म्हणजे ठरावीक मापाचे गट पाडणे, मासळी बाजारात सापडतो. तिथे बांगड्यांचे ढीग लावलेले असतात आणि त्या ढिगालाच वाटा म्हणतात. चोवीस बांगड्यांचे चार-चारचे वाटे लावले तर सहा वाटे होतात, सहा-सहाचे लावले तर चारच. आंब्याची पेटी हे याच जातीचे उदाहरण: पेटी त्याच मापाची, पण फळ मोठे असेल तर तिच्यात चारच डझन बसतात आणि फळ लहान असेल तर पाच-सहा डझन. दोन्ही अर्थांत भाजक वाढला की उत्तर घटते, पण कारणे वेगळी आहेत, आणि मुलांना दोन्ही कारणे सांगता यायला हवीत. शिक्षकाने एक सावधगिरी बाळगावी: रापणीत ‘वाटा’ हे भागाकाराचे उत्तर आहे, तर बाजारात वाट्यातल्या माशांची संख्या हा भाजक आहे. एकाच तासात दोन्ही उदाहरणे घेतली की शब्द एकच असल्याने मुलांची गल्लत होते. मधे दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत.

दोन्ही संख्या बदलल्या तर

३० ÷ ५ आणि २४ ÷ ६ यांत मासे कमी झाले आणि माणसे वाढली. दोन्ही बदल वाट्याला खालीच ओढतात, तेव्हा आकडेमोड न करता दुसरी बाजू लहान ठरते. पण मासेही वाढले आणि माणसेही वाढली, तर नुसते पाहून सांगता येत नाही. हे मुलांना प्रामाणिकपणे कळावे यासाठी २० ÷ ४ हे एका बाजूला कायम ठेवून दुसऱ्या बाजूला क्रमाने २४ ÷ ६, ३० ÷ ६ आणि ३६ ÷ ६ लिहावे. तिन्ही वेळा भाज्यही मोठे आहे आणि भाजकही मोठा आहे. तरी उत्तर पहिल्या वेळी लहान, दुसऱ्या वेळी सारखे आणि तिसऱ्या वेळी मोठे येते. ‘इथे काढून पाहावे लागेल’ हेदेखील तुलनेचे बरोबर उत्तर आहे, आणि ते कारणासह देणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत, असे माझे मत आहे.

गुणाकारात याच्या उलट घडते. तिथे दोन्ही संख्या वाढल्या तर निकाल पक्का असतो, आणि एक वाढून दुसरी घटली की थांबावे लागते. ९ × २ आणि ४ × ५ यांतली दुसरी बाजू मोठी आहे, हे पाहताक्षणी कोणालाच कळत नाही. हा उलटेपणा पाठ करून घेऊ नये. करवंट्या आणि माणसे डोळ्यांसमोर असली की तो आपोआप समजतो.

१२ ÷ ३ = २४ ÷ ६ हे समजावताना तीन-तीन माणसांच्या आणि बारा-बारा माशांच्या दोन टोळ्या शेजारी बसवाव्यात आणि मग मधली रेघ पुसून टाकावी. मासे दुप्पट झाले, माणसेही दुप्पट झाली, कोणाच्याही करवंटीला हात लागला नाही. पुढे सममूल्य अपूर्णांक शिकताना हेच चित्र पुन्हा उपयोगी पडते.

एका बाजूला गुणाकार, दुसऱ्या बाजूला भागाकार

१२ × २ आणि १२ ÷ २ अशी जोडी दिली की मुले गुणाकाराची बाजू बरोबर निवडतात आणि ‘गुणाकार नेहमी मोठा’ असा नियम मनाशी करून टाकतात. तो रुजण्याआधी ८ × १ आणि ८ ÷ १, ७ × ० आणि ० ÷ ७, ३ × ४ आणि ४८ ÷ ४ या जोड्या द्याव्यात. तिन्हींत दोन्ही बाजू समान आहेत. भाजक शून्य असलेले उदाहरण मात्र देऊ नये; कोणी विचारलेच, तर वाटा घ्यायला कोणीच नसेल तेव्हा ‘प्रत्येकाला किती’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही, एवढे सांगून थांबावे. ‘गुणाकार नेहमी मोठा’ हे शिक्षकाने स्वतःच्या तोंडूनही म्हणू नये, कारण अपूर्णांक आले की ते खोटे पडते. आपल्या जुन्या पाठांतरात पावकी आणि निमकी होत्या, त्या पावाचे आणि अर्ध्याचे पाढेच होते, आणि त्यांत प्रत्येक उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान असे. घरात आजी-आजोबांना त्या येत असतील तर मुलांना जरूर ऐकायला लावाव्यात.

जोड्या निवडताना आणि बाकी उरते तेव्हा

सरावासाठी ३ × २ आणि ९ × ८ यांसारख्या जोड्या देणे निरुपयोगी आहे, किंबहुना घातक आहे. मोठे आकडे पाहून चिन्ह लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर तिथे बरोबर येते आणि त्याची चुकीची सवय घट्ट होते. जोडी अशी हवी की नुसती नजर फसेल आणि विचार तारेल. दर दिवशी पाच जोड्या पुष्कळ झाल्या, पण प्रत्येकीखाली एका वाक्यात कारण लिहायला लावावे. ‘करवंट्या तेवढ्याच, प्रत्येकीत एक कमी’ इतके तुटक वाक्यही चालेल.

‘पट’ आणि ‘ने जास्त’ यांतला फरक इथेच स्पष्ट करावा. पाचाच्या तिप्पट म्हणजे १५, आणि पाचापेक्षा तीनने जास्त म्हणजे ८. शाब्दिक उदाहरणांत मुले हे दोन्ही एकच समजतात.

बाकी उरणारे भागाकार पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टाळावेत. २५ ÷ ४ आणि २६ ÷ ४ यांत दोघांचाही भागाकार ६ येतो, बाकी १ आणि २ उरते, आणि मग समान म्हणावे की लहान-मोठे, असा पेच पडतो. तो सोडवण्याइतकी तयारी तिसरीत नसते. पूर्ण भाग जाणाऱ्या जोड्या पक्क्या झाल्यावर मात्र मुलांनाच जोड्या तयार करू द्याव्यात. २४ ÷ □ < २४ ÷ ४ असे लिहून चौकोनात काय-काय बसेल ते शोधायला सांगावे. गेल्या वर्षी एका मुलीने ६, ८, १२ आणि २४ असे चार आकडे लिहिले आणि थोड्या वेळाने उठून येऊन विचारले की ५ लिहिले तर चालेल का. मी तिला चोवीस चिंचोके आणि पाच करवंट्या दिल्या. प्रत्येकीत चार पडले आणि चार हातात राहिले. ते चार तिने मुठीत धरले, रांगेकडे पाहिले आणि म्हणाली की हे चार कापून वाटले तरी पाचवीला सहा काही मिळायचे नाहीत, कारण माणसे चारांहून जास्त आहेत. आणि वहीत ६ च्या आधी ५ लिहून टाकले.